मी नुसतं ‘पिसाळली’ म्हणाले

आमच्या सासऱ्यांच्या तेरवीला सगळं गाव जेवायला आलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच गाव इंजेक्शन घ्यायला सरकारी दवाखान्यात गेलं. जेवण चांगलं झालं होतं. (मठ्ठा तर लोकांनी मागून मागून घेतला. त्याच मठ्ठ्यानं पुढे घात केला.) गावात आजही म्हणतात की हे सगळं सुमनच्या तोंडानं झालं. सुमन म्हणजे मी. आणि गाव या बाबतीत खोटं बोलत नाही!

मी मूळची बदनापूरची. आमच्याकडे कुत्रं म्हणजे स्टेशनावर बाकड्याखाली झोपतं ते. लग्न होऊन आले ती वडीगोद्रीच्या अलीकडं, हायवेला लागून असलेल्या गावात, थेट मेंढरांच्या घरात. सासरे, म्हणजे आबा, जन्मभर मेंढरं राखत फिरले. पाय थकल्यावर त्यांनी मेंढरं विकली, पण कुत्री विकली नाही. चांदी तिचं नाव. राखायला एक मेंढरू नाही, तरी ती रोज संध्याकाळी अंगणातल्या कोंबड्या, शेजारची पोरं आणि कधी कधी आमचे हे, असं जे हाताशी लागंल ते हाकून भिंतीला लावायची आणि मंगच बसायची.

आबा आजारी पडले त्याच सुमाराला चांदी व्याली. दोनच पिल्लं जगली. आबांनी ती खाटेवर मागून घेतली, अंगावर पांघरूण घालावं तशी छातीशी घेतली, आणि आत्याबाईंना म्हणाले, “यांना राख.” आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नवरा काहीतरी बोलला आणि त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. आबा त्याच आठवड्यात गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि चांदी हायवेवर ट्रकखाली गेली. ती तिकडं कुठं चालली होती कुणास ठाऊक. आबांना नेलं ती जागा रस्त्याच्या पलीकडं आहे, एवढंच मी सांगते.

आत्याबाईंनी जेवण सोडलं. उपास नव्हे, ताटावर बसायच्या, भाकरी कुस्करायच्या, दुधात कालवायच्या आणि सगळी पिल्लांपुढं ठेवून उठायच्या. पिल्लं खायची तेवढा वेळ त्यांच्या तोंडाकडं बघवायचं. एकदा पिल्लं झोपली की त्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या, आणि मंग त्यांना हाक मारायची सुद्धा भीती वाटायची. मी आणि आमचे हे, दोघंही हे बघत होतो. बोलत नव्हतो, पण दोघांनाही बराबर ठाऊक होतं. ही पिल्लं आहेत तोवर म्हातारी आहे. पिल्लं गेली की घरात आणखी एक तेरवी.

आणि ती पिल्लं काय करायची? एकमेकांचे खून!

एक काळं, एक भुरं. काळ्या आणि भुऱ्या. सकाळी डोळे उघडले की काळ्या भुऱ्याच्या नरड्याला, भुऱ्या काळ्याच्या कानाला. कान धरून अंगणभर फरफटत न्यायचं, उताणं पाडायचं, वर बसायचं, पुन्हा नरडं. आणि ते गुरगुरणं! एवढ्याशा पोटातून एवढा आवाज निघतो कसा, याचंच मला नवल वाटायचं.

“आत्याबाई, अहो मरंल ना ते!”

“कुटं मरतंय. दात हलका करून राह्यलेत.”

मला वाटलं, दुधाचे दात पडायला आले. मी झाडताना दोन-तीन दिवस केरात दात शोधले. (एकही सापडला नाही. मला वाटलं, गिळले.) पण रक्ताचा एक ठिपका मात्र मला काळ्याच्या कानावर दिसला, आणि माझं डोकं फिरलं. आबांनी राखायला सांगितलेलं पिल्लू आबांचंच दुसरं पिल्लू खाऊन टाकणार, आणि ते बघायला आत्याबाई समोर बसलेल्या! मी काय हातावर हात ठेवून बसायचं होतं?

आता मी अंगणवाडी सेविका. चावणाऱ्या पोरांचा मला दांडगा अनुभव. एक पोरगं दुसऱ्याला चावलं की एकाला या कोपऱ्यात, दुसऱ्याला त्या कोपऱ्यात. हाताची घडी, तोंडावर बोट. पिल्लांना हाताची घडी जमत नाही, म्हणून काळ्याला कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली घातलं आणि भुऱ्याला न्हाणीत कोंडलं. दोघांनी असा गळा काढला की रस्त्यावरचे लोक थांबून विचारायला लागले, “आणखी कोण गेलं?”

“सोड की त्यांला,” आत्याबाई म्हणाल्या.

“शिस्त लागू द्या, आत्याबाई.”

“शिस्त!” त्या एवढंच म्हणाल्या, पण ज्या तऱ्हेनं म्हणाल्या, त्यात माझं माहेर, माझं शिक्षण आणि सरकारची अख्खी योजना निघाली.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी त्यांना सोडलं. पाहुणे येणार, न्हाणी तर लागणारच. सोडल्या सोडल्या भुऱ्यानं माझं मनगट धरलं. पूर्वी नुसते दात लागायचे, या वेळी सुई टोचावी तसे आत गेले आणि रक्त आलं! तिकडं काळ्या सुसाट सुटला तो थेट गोठ्यात, आणि आमच्या म्हशीच्या शेपटीला लोंबकळला. म्हशीनं बादली उडवली, काळ्या उडाला, संपलं. म्हशीच्या शेपटीला एक ओरखडा. तिनं तो मनावर सुद्धा घेतला नाही. मी मनगटाला हळद लावली, चिंधी बांधली आणि दह्याला विरजण लावायला बसले. कारण दुसऱ्या दिवशी तेरवीला मठ्ठा होता.

तेरवी पार पडली. माणसं पोटभर जेवली, आबांच्या आठवणी निघाल्या, कुणी रडलं, कुणी हसलं. आत्याबाई पंगतीत बसल्या, पण पानावरची पोळी तेवढी मोडून पदरात बांधून घेतली. पिल्लांना.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडी उघडली. शेजारच्या शेवंताकाकू नातवाला सोडायला आल्या. काकूंना गावात काही सांगितलं की दवंडी द्यायची गरज पडत नाही.

“काय गं, हाताला काय झालं?”

“काय सांगू काकू! आमची पिल्लं नुसती पिसाळलीत!”

खरं सांगते, त्यात काही वाईट नव्हतं. ‘पिसाळली’ हा शब्द मी चहाइतकाच वापरते. खिचडीच्या वेळेला पोरं पिसाळतात, सणाच्या आधी वाणी पिसाळतो, मार्चमध्ये आमच्या पर्यवेक्षिका बाई पिसाळतात. आजवर कुणाला दवाखान्यात नेलं नाही. पण तोच शब्द कुत्र्याला लावला की तो नुसता शब्द राहात नाही, फाशीचा हुकूम होतो. हे मला शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. गेलेला शब्द आणि सुटलेली म्हैस, दोन्ही मागे बोलावून येत नाहीत.

काकूंच्या दारातच ‘नुसती’ गळून पडलं. गिरणीवर ‘सुमनला चावली, रक्त काढलं’ हे जोडलं गेलं. हॉटेलात कुणीतरी विचारलं, “त्यांची माय कशानं मेल्ती?” चांदीला ट्रकखाली जाताना कुणी पाहिलं नव्हतं, मेल्यावर पाहिलं होतं. मंग काय, पिसाळून हायवेला पळाली असंल! मंग म्हशीची शेपटी निघाली. ती कुणी सांगितली म्हणता? मीच. तेरवीच्या सकाळी बाया भाज्या चिरत होत्या, सगळ्यांची तोंडं उतरलेली, म्हटलं जरा हसवावं. तर शेपटी निघाली, शेपटीवरून म्हैस निघाली, म्हशीवरून दूध निघालं, दुधावरून…

“मठ्ठा!” हॉटेलातला कुणीतरी ओरडला, आणि हातातला चहाचा कप सोडून उभा राहिला.

मंग जे झालं त्याला मी काय म्हणू! आमचे धाकटे दीर, महादेव भाऊजी, धावत अंगणवाडीत आले. त्यांचं घर आमच्या घराला चिकटून, भिंत एकच.

“वहिनी, मी पाच गिलास पेलो! पाच! तुम्हीच वाढून राह्यल्त्या, ‘घ्या भाऊजी, घ्या भाऊजी’ करून!”

“अहो भाऊजी, पिल्लं खेळकर आहेत, पिसाळलेली नाहीत.”

“मंग म्हनल्या कामून?”

आता का म्हणाले? कामून म्हणाले, तर सवय म्हणून म्हणाले!

गावात जो तो स्वतःला तपासायला लागला. हॉटेलात एक जण नुसता खाकरला, तर बाकडं रिकामं. नारायणतात्या अंगणवाडीसमोरच्या पारावर बसून सांगायला लागले, “मला सकाळपासून पान्याचं भ्या वाटून राह्यलं. बादलीकडं बघवत न्हाई.” त्यांची बायको मागून कडाडली, “सकाळपासून? लगीन झाल्यापासून आंघोळीसाठी बोंबलते मी!” लोक हसले, पण हसता हसता त्यांनी तात्यांपासून हातभर सरकून घेतलं.

मी पण हसले. आणि मंग अंगणवाडी बंद करून घरी निघाले, तर बस थांब्यापाशी गर्दी. तिथं एक लंगडा कुत्रा असायचा. कुणाचाच नव्हता. ऊन लागलं की जीभ बाहेर टाकून पत्र्याच्या सावलीला बसायचा, एवढाच त्याचा उद्योग. त्या दिवशी जीभ बाहेर होती, लाळ गळत होती, आणि चार पोरांच्या हातात काठ्या होत्या. मी पोचले तेव्हा ते संपलं होतं. एकानं मला अभिमानानं सांगितलं, “बाई, एकाचा तर बंदोबस्त केला!” माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. एरवी नको तिथं फुटतो! त्या मुक्या जनावराचा जीव माझ्या एका शब्दानं गेला, हे मला आजही खातं. आणि त्याच वेळी मला कळलं की आता काठ्या आमच्या अंगणात येणार.

म्हणून मीच म्हणाले, आधी दवाखान्यात चला. टेम्पो आला. गाव चढलं. आमचे हे घरी पिल्लांपाशी काठी घेऊन बसले. (आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मी सांगितलेलं ऐकलं, म्हणजे गोष्ट किती गंभीर होती बघा.)

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. सकाळपासून बसून बसून दमल्या होत्या. त्यांनी दारातून ही जत्रा पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

“कुणाला चावलं?”

“कुनालाच न्हाई,” सगळे म्हणाले.

“मग काय झालं?”

“मठ्ठा पेलो!”

मॅडमनी दोनदा विचारून घेतलं. मंग सगळी शेपटीची कहाणी ऐकली. म्हैस कशी आहे? ठणठणीत. चारा खाते? माणसं खाईल इतकी भूक तिला. दूध तापवलं होतं? उतू जाईपर्यंत!

“मठ्ठ्यासाठी इंजेक्शन नसतं,” मॅडम म्हणाल्या. “ज्याला दात लागले, रक्त आलं, त्यानं पुढं यावं.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पुढं झाले, चिंधी सोडली. मॅडमनी माझी हळद साबण लावून खळाखळा धुतली, “हळद नाही लावायची, आधी धुवायचं, लगेच यायचं,” म्हणून रागावल्या आणि टोचलं. सगळ्या गावाला इंजेक्शन पाहिजे होतं, मिळालं एकटीला! “आजवर स्वतःपुरतंच बघत आली सुमन,” असं टेम्पोत कुणीतरी म्हणाल्याचं मी ऐकलं.

“आणि पिल्लांना कुणी हात लावायचा नाही,” मॅडम म्हणाल्या. “बांधून ठेवा, दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस ठीक राहिली, तर त्यांना काही नव्हतं. खाणं सुटलं, आवाज बदलला, दिसेल ते चावायला लागली, तर लगेच कळवा.”

“दहा दिवस!” भाऊजी किंचाळले. “माझ्या पोरीला बघायला मंठा गावचे पाव्हणे येऊन राह्यलेत! त्यांचा आत्ताच फोन आल्ता, ‘तुमच्या गावात कुत्री पिसाळली म्हणं. ते मिटू द्या, मंग बघू.’ सोयरीक मोडली तर वहिनी, तुमी द्याल का दुसरा नवरदेव?”

भाऊजी तसे वाईट नाहीत. पोरगी त्यांचा जीव की प्राण. पण त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत मला ती काठी दिसायला लागली.

नजर ठेवायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. (“बोलली कोन? मंग राखंल कोन?” असा गावाचा न्याय झाला.) मी पुन्हा काळ्याला डालग्यात घातलं, भुऱ्याला न्हाणीत. न जाणो, एकाला असंल तर दुसऱ्याला लागायला नको! आणि मी मॅडमनी सांगितलेली एकेक खूण बघायला बसले.

खाणं सुटलं का? सुटलं. भुऱ्यानं दुधाला तोंड लावलं नाही. आवाज बदलला का? रडून रडून काळ्याचा घसा असा बसला की भुंकण्याऐवजी दार करकरावं तसा आवाज यायला लागला. दिसंल ते चावतो का? त्यानं डालग्याच्या काड्या काड्या केल्या! न्हाणीत भुऱ्यानं माझी चप्पल, साबण आणि दाराचा खालचा कोपरा खाल्ला. (साबणाचा फेस तोंडाला आला तेव्हा तर मी न्हाणीच्या दाराला बाहेरून पाटा लावला.)

म्हणजे खरंच पिसाळली होती! मी पदर तोंडात कोंबून रडले. आबांनी पिल्लं आत्याबाईंच्या ओटीत घातली होती, आणि मी ती बोलून बोलून मारली, असं मला वाटायला लागलं. ह्यांना सांगितलं, तर त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मंग हळू आवाजात म्हणाले, “मायला कसं सांगायचं?”

सांगावं लागलंच नाही. म्हातारीचे कान तिखट. आत्याबाई भिंतीपासून उठल्या. गुडघ्यावर हात देत डालग्यापाशी गेल्या, डालगं उचलून फेकलं, न्हाणीचं दार उघडलं.

“आत्याबाई, नका! मरतील ती!”

“मरायची तर मरू दे. पर एकट्यानं कशापायी मरायचं?”

काळ्या आणि भुऱ्या अंगणाच्या मध्यावर एकमेकांवर आदळले. नरडं, कान, फरफट, सगळं तसंच. मी हातात काठी घेऊन उभी. वेगळं करायची माझी हिंमत नव्हती आणि बघायची सोय नव्हती. पण नजर ठेवायचा हुकूम होता, म्हणून मी पहिल्यांदाच नीट बघितलं.

काळ्यानं भुऱ्याचा कान धरला. जोरात धरला. भुऱ्या केकाटला, “क्याँव!” आणि काळ्यानं सोडला! लगेच. बिलकुल वेळ न घालवता. मागं सरकला, बाजूला बघितलं, जणू म्हणतोय, मी नाही त्यातला. मंग पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून शेपूट हलवायला लागला. भुऱ्या पुन्हा अंगावर! आता भुऱ्या वर, काळ्या खाली. काळ्या केकाटला, भुऱ्यानं सोडलं. वरचं खाली, खालचं वर. कुणीच कुणाला मारत नव्हतं. ज्याला मी खून समजत होते, ती शाळा चालली होती!

“बघ,” आत्याबाई म्हणाल्या. आबा गेल्यापासून एवढं लांब त्या बोलल्या नव्हत्या. “मेंढरू वळवायचं तर कुत्र्याला दात लावावा लागतो. पर दात लोकरीतच राह्यला पायजे, कातड्यात जाता कामा न्हाई. त्याला आमी हलका दात म्हनतो. हे काय मानूस शिकवतंय व्हय? ल्हानपनी एकमेकाच्याच अंगावर शिकतेत. जोरात लागलं की दुसरं केकाटतं, मंग ह्याला कळतं, एवढं न्हाई दाबायचं. तू दोगांला वायलं वायलं कोंडलं. केकाटायला समोर कोनी न्हाई, मंग दात जड व्हनारच की! म्हनून तुज्या हाताला रगत आलं.”

“मंग हे आधी सांगायचं ना आत्याबाई!”

“सांगतलं की. तू केरात दात हुडकत व्हतीस.”

तासाभरात दोघांनी वाटीभर दूध-भाकरी चाटूनपुसून खाल्ली आणि एकमेकांच्या अंगावर पडून झोपली. मी ह्यांना म्हणाले, “आता हे लोकांना कोण सांगणार?” हे म्हणाले, “तू सोडून कुणीपण.”

पण लोकांना सांगायला वेळच मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हे शेतात, मी चुलीपाशी, आणि भाऊजी पोतं घेऊन अंगणात! मंठ्याच्या पाहुण्यांचा पुन्हा फोन आला होता. मी बाहेर येईपर्यंत दोन्ही पिल्लं पोत्यात. पोत्याचं एक टोक भाऊजींच्या हातात, दुसरं आत्याबाईंच्या.

“माय, सोड! कालव्याच्या पल्याड नेतो नुसतं!”

“न्हेऊन काय करनार ते सांग आदी!”

भाऊजींनी सांगितलं नाही. खाली बघितलं. पोत्यातून आतून क्याँव क्याँव, म्हातारी पोत्याबरोबर ओढली जातेय, गुडघे जमिनीला घासताहेत, आणि तोंडानं एकच, “आबानं राखाया सांगतलंय रे, महाद्या! तुज्या बापानं सांगतलंय!”

मी ओरडले. ऐकेनात. हात धरला. भाऊजी पैलवान गडी, हात झटकला. मंग माझ्या तोंडासमोर त्यांचा दंड आला.

मी चावले.

मी, अंगणवाडी सेविका, दोन लेकरांची माय, हळदीकुंकवाला पहिला मान असलेली बाई, सख्ख्या दिराच्या दंडाला चावले!

“आयायायाय! वहिनी! सोडा! मेलो! माय, हिला सोड म्हन!”

पोतं पडलं, पिल्लं निसटली, खाटेखाली गेली. काम झालं होतं. सोडायला काही हरकत नव्हती. पण मला सुटेना! भाऊजी अंगणभर फिरून राह्यले आणि त्यांच्या दंडाला लागून मी पण फिरून राह्यले. भिंतीवरून जाऊबाई बघत होती. शेवंताकाकू कुठून उगवल्या देव जाणे. शेवटी आत्याबाईंनी माझ्या पाठीत एक रट्टा घातला तेव्हा तोंड उघडलं.

पुन्हा दवाखाना. डॉक्टर मॅडमनी भाऊजींचा दंड पाहिला.

“कुत्रं?”

“न्हाई.”

“माकड?”

“न्हाई.”

“मग चावलं कोण?”

भाऊजींनी मान खाली घातली आणि माझ्याकडं बोट केलं. “वहिनी.”

मॅडमनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “यांच्यावर पण दहा दिवस नजर ठेवा.” त्यांनी गंमत केली होती. पण आमच्या गावाला डॉक्टरांची गंमत कळत नाही!

दुसऱ्या दिवसापासून पिल्लांना सगळे विसरले. लोक मला बघायला यायला लागले. शेवंताकाकू रोज तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात द्यायच्या आणि दारापर्यंत मागं सरकून मी पिते का ते बघायच्या. मी पाणी प्याले की बाहेर सांगायच्या, “आज बी पेली!” आणि बाहेर उभे असलेले घरी जायचे. अंगणवाडीत पोरांना त्यांच्या आया हाताला धरून आणायच्या आणि “बाईला राग यील असं काय करू नको,” असं सांगून जायच्या. इतकी शिस्त मला नोकरीत कधी मिळाली नव्हती.

दहा दिवस गेले. काळ्या आणि भुऱ्या टम्म फुगले. मंठ्याचे पाहुणे आले, सोयरीक जमली. दंडाला काय लागलं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा भाऊजींनी “विळा लागला” म्हणून सांगितलं. पाहुणे गेल्यावर मात्र भाऊजींनी आमच्याकडं येऊन आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि खाटेखाली वाकून पिल्लांना लाडवाचा एक एक तुकडा दिला. माझ्या बाजूनं जाताना दंडावर दुसरा हात ठेवून गेले.

संध्याकाळी आत्याबाईंनी भाकरी कुस्करली, दुधात कालवली, पिल्लांपुढं ठेवली. मंग दुसरी भाकरी घेतली, कोर मोडली, आणि स्वतःच्या तोंडात घातली. मी चुलीकडं तोंड फिरवून बसले, डोळ्यांत धूर गेला असं दाखवून.

“सुमन,” मागून आवाज आला. “त्यो महाद्या एवढा केकाटला, तरी तू सोडलं कामून न्हाई गं?”

“कळलंच नाही, आत्याबाई. किती दाबायचं तेच कळलं नाही.”

आत्याबाई चावता चावता थांबल्या. मला वरून खालपर्यंत बघितलं.

“तू आई-बापाची एकुलती एक न्हाई का! तरीच!” आणि आबा गेल्यापासून पहिल्यांदा म्हातारी हसली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “जन्मभर आबानं जनावर घेतलं ते तोंड उघडून, दात बघून घेतलं. सून आनताना तेवढं बघायचं राह्यलं बग!”